पायातली चिठ्ठी

१९०८ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या भरल्या घरात वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. घराच्या वळचणीला नांदणाऱ्या चिमण्या त्याला पाठ होत्या, पण ही तशी नव्हती. तिच्या गळ्यावर हळदीचं बोट लागावं तसा पिवळा ठिपका होता. मामा शिकारीचे शौकीन होते, पण त्यांनाही नाव सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे जुने सभासद होते. त्यांनी ओळखीची चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला चिमणीसकट सोसायटीच्या कचेरीत धाडलं.

मामा म्हणजे अमिरुद्दीन तय्यबजी आणि भाचा म्हणजे सालिम अली. अपोलो स्ट्रीटवरच्या त्या कचेरीत सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड बसत. त्यांनी पक्षी हातात घेतला आणि नाव सांगितलं: पीतकंठी चिमणी. तेवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक ओढून पोराला चिमण्यांच्या जाती दाखवल्या. भारतीय पक्षिशास्त्राचा प्रारंभ म्हणून ही घटना वारंवार सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगी आहेच. पण तिच्यातली एक बाब सहसा कोणी सांगत नाही. त्या काळी मुंबईत अनोळखी पक्ष्याचं खात्रीने नाव जाणून घ्यायचं, तर तो आधी मेलेला असावा लागे.

खणातल्या पक्ष्यांची मांडणी आजही तशीच असते. पाठीवर निजवलेले, पोट वर, चोच एका दिशेला, पंख अंगाशी मिटलेले. पोटावर छेद घेऊन कातडं सोलायचं, आतून सोमलाचा लेप द्यायचा, कापूस भरायचा आणि टाके घालायचे. डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस दिसतो. दोन्ही पाय एकमेकांवर ओढून दोऱ्याने बांधलेले असतात आणि त्या दोऱ्याला एक चिठ्ठी लटकते. तिच्यावर जात, नर की मादी, ठिकाण, तारीख आणि कोणी मारला त्याचं नाव. शास्त्राच्या दृष्टीने पक्ष्याइतकीच मोलाची असते ती ही चिठ्ठी. चिठ्ठी हरवली तर उरतं ते पिसांचं गाठोडं.

यामागे क्रौर्यापेक्षा अडचण मोठी होती. टी. सी. जर्डनचा भारतीय पक्ष्यांवरचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला. पुढे कितीतरी वर्षं अभ्यासकांचा आधार तोच. त्यात पंखाची लांबी, शेपटीची लांबी, चोचीचं माप, पोटाखालच्या पिसांचा रंग असा सगळा तपशील होता. फांदीवर क्षणभर टेकून उडालेल्या पक्ष्याच्या पंखाचं माप घेणार कसं? दुर्बिणी साध्या आणि दुर्मीळ, रंगीत चित्रांचं स्वस्त पुस्तक नाही, कॅमेरा म्हणजे तिपाईवरचं अवजड खोकं. म्हणून आधी बंदूक, मग मोजपट्टी आणि शेवटी नाव, असा क्रम पडला.

सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ ची. निसर्गाची आवड असलेले आठ जण भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जमले आणि आपापल्या नोंदी, नमुने एकमेकांना दाखवायचं त्यांनी ठरवलं. आठांपैकी दोघे भारतीय होते, दोघेही डॉक्टर. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. सखाराम अर्जुन राऊत हे वनस्पतींचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. मराठी वाचकाने ही दोन नावं लक्षात ठेवायला हवीत, कारण ही संस्था केवळ साहेबांच्या फावल्या वेळेचा उद्योग होती असा समज अजून पुसला गेलेला नाही.

थोड्याच काळात सोसायटीचं बिऱ्हाड हर्बर्ट फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या जागेत हललं. १८८६ मध्ये तिचं नियतकालिक सुरू झालं. कचेरीत नमुन्यांच्या पेट्यांबरोबर जिवंत प्राणीही असत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कारवारकडून आलेला विल्यम नावाचा धनेश. १८९४ मध्ये पिल्लू म्हणून आलेला हा पक्षी सव्वीस वर्षं सोसायटीत राहिला आणि १९२० मध्ये गेला. पिवळी सोनसळी चोच, तिच्यावर शिंगासारखा टोप आणि आल्यागेल्याकडे मान वाकडी करून बघणं. तोच पुढे सोसायटीच्या बोधचिन्हावर चढला आणि लायन गेटसमोरच्या तिच्या इमारतीला हॉर्नबिल हाऊस हे नाव मिळालं. चिमणी घेऊन आलेल्या सालिमच्या वेळी विल्यम तिथे होता. मेलेल्या हजारो पक्ष्यांच्या घरातला तो एक जिवंत पक्षी.

पहिले मानद सचिव होते एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. ‘ईहा’ या सहीने लिहिणारा हा माणूस १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मला, मुंबई-पुण्यात शिकला, काही वर्षं डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून मग कस्टम आणि मीठ खात्यात नोकरीला लागला. मीठ खात्याची नोकरी म्हणजे मिठागरं, खाड्या, बंदरं, कांदळवनं यांतून सतत हिंडणं. पक्षी बघणाऱ्याला याहून चांगली नोकरी मिळणं अवघड. १९०० मध्ये त्यांचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. एका शहराच्या रहिवाशांनी आपल्या खिडकीतून, गॅलरीतून, रस्त्यावरून दिसणारे पक्षी ओळखावेत, एवढ्याच हेतूने ते लिहिलेलं होतं. पक्षी उडतो कसा, बसतो कसा, भांडतो कशावरून, घरटं कुठे बांधतो, यांवर ईहांचा भर होता. हातातल्या मोजपट्टीकडून फांदीवरच्या जिवंत पक्ष्याकडे नजर वळवणाऱ्यांत त्यांचा क्रम फार वरचा आहे.

पण असं वळणारे ते पहिले नव्हते. पहिला मान त्यांचा, ज्यांनी कोणतंही पुस्तक लिहिलं नाही.

तांबट घ्या. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठसा, डोळ्याभोवती पिवळं. वडा-पिंपळाच्या पानांत बसला की समोर असूनही दिसत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र त्याचा टुक्, टुक्, टुक् असा एका लयीतला आवाज थांबत नाही. जवळून बघायला मिळाला तर कळतं की हा आवाज तो चोच मिटून काढतो. प्रत्येक टुकाला गळ्याची पिसं फुगतात आणि डोकं किंचित हलतं. डोकं इकडून तिकडे वळलं की आवाज दुसऱ्याच झाडावरून आल्यासारखा वाटतो. हा पक्षी डोळ्यांनी ओळखायचा नाहीच, हे ज्याने त्याला नाव दिलं त्याला ठाऊक होतं. मुंबईच्या तांबाकाट्यावर किंवा पुण्याच्या तांबट आळीत हातोडीचा ठोका ऐकलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

मराठीतली कितीतरी पक्षिनामं अशीच आहेत. पान शिवून घरटं करतो तो शिंपी. आपल्याहून मोठ्या घारीलाही हुसकावून लावतो, म्हणून कोतवाल. पिकल्या हळदीच्या रंगाचा तो हळद्या. फुलांत चोच खुपसतो तो फुलटोच्या. डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेला इवलासा पक्षी चष्मेवाला. हे नाव अर्थातच चष्मे आल्यानंतरचं, म्हणजे नावं पाडण्याचं काम अलीकडेपर्यंत चालू होतं. मृगाच्या तोंडावर ओरडणारा पावशा शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ म्हणतो, तर टिटवी आपलं नाव स्वतःच सांगत फिरते. तांबड्या-तपकिरी पंखांच्या भारद्वाजाला कोकणात कुकुडकुंभा म्हणतात. त्याचा घुमणारा आवाज ऐकलेल्याला दोहोंपैकी कोणतं नाव कानाने दिलंय ते लगेच उमगेल. लाल बुडाचा तो लालबुड्या बुलबुल, तर गालावर लाल ठिपका आणि डोक्यावर टोकदार तुरा मिरवणारा शिपाई बुलबुल. शहरातल्या कोणत्याही बागेत या दोघांना वेगळं काढायला याहून नेमकी खूण आजच्या पुस्तकातही मिळत नाही.

या नावांचं मोल मारुती चितमपल्ली यांनी ओळखलं. वनखात्यातल्या नोकरीत जंगलं तुडवताना आदिवासी, धीवर, फासेपारधी यांच्या तोंडून त्यांनी पक्ष्यांची नावं गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. बोलीतलं नाव टिपून घेणं हेही नमुना गोळा करण्याइतकंच काटेकोर काम आहे. फरक इतकाच की त्यात कोणाचा जीव जात नाही.

अर्थात लोकांच्या कानाने आणि डोळ्याने काही ठिकाणी चकवाही खाल्ला आहे. मराठीत गोड गळ्याच्या बाईला गानकोकिळा म्हणतात. पण चैत्रात शिवाजी पार्कच्या झाडांवरून जो चढत जाणारा कुहू ऐकू येतो तो नराचा, काळ्याभोर, लाल डोळ्यांच्या कोकिळाचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज म्हणजे घाईघाईचं किक्-किक्-किक्. ती दिसली की अनेकांना हा वेगळाच पक्षी वाटतो. सुगरणीचंही तसंच. कुशल गृहिणीचं नाव दिलेल्या या पक्ष्याचं लोंबतं घरटं विणतो तो नर.

हे नेमकं कसं घडतं ते मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, किहीमला उलगडलं. त्यामागे बेकारी होती. सालिम अली १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याते म्हणून लागले. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले आणि १९३० मध्ये परतले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच बंद झाली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमच्या घरी राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर आडोशामागे बसून त्यांनी कोणतं घरटं कोणी विणलं, कोणी पाहिलं, कोणी पसंत केलं याची रोजनिशी ठेवली. नर घरटं अर्धं विणतो. माद्या येतात, आत शिरतात, ओढूनताणून बघतात. एखादी पसंत करून राहिली की तो ते पुरं करतो आणि शेजारी दुसरं अर्धं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध आला. हे निष्कर्ष खणातल्या नमुन्याकडे जन्मभर पाहूनही हाती लागले नसते. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या माणसाचं सर्वांत देखणं काम कोणतं, असं विचारलं तर अनेक जाडजूड खंड बाजूला ठेवून या एका पावसाळ्याकडे बोट दाखवावं लागेल.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक निघालं आणि ओळखीचा क्रमच उलटला. एका पानावर रंगीत चित्र, समोर मोजका मजकूर. पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा की घारीएवढा, या ओळखीच्या मापाने सुरुवात. ज्याच्याकडे बंदूक नाही, परवाना नाही आणि मोजपट्टीही नाही, अशा शाळामास्तराला, कारकुनाला आणि गृहिणीला पक्ष्याचं नाव पहिल्यांदा हाताशी आलं. त्याच सुमारास हुमायून अब्दुलअली यांच्यासोबत त्यांनी लिहिलेली मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची लेखमालाही पुस्तकरूपाने आली. हुमायून अब्दुलअली हे नाव सर्वसामान्य मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही आणि हे बरं नाही. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६८ पासून त्यांनी सोसायटीतल्या पक्ष्यांच्या नमुन्यांची सूची छापायला घेतली. पंचवीस हजारांहून अधिक कातडी. एकेक हातात घ्यायचं, चिठ्ठी वाचायची, माप पडताळायचं, नाव चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. हे काम त्यांनी कित्येक वर्षं नेटाने केलं.

चिठ्ठी वाचण्यात इतकं काय आहे, असं वाटेल. त्याचं उत्तर खानदेशात आहे.

पिंगळा सगळ्यांना माहीत असतो. वाड्याच्या भिंतीतल्या, जुन्या आंब्याच्या ढोलीत राहणारं, डोळे वटारून बघणारं लहान घुबड. पहाटे येणारे पिंगळे जोशी त्याची भाषा समजते असं सांगून भविष्य वर्तवत. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. एकोणिसाव्या शतकात त्याचे अवघे सात नमुने गोळा झाले. त्यांतले काही खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून मिळवले होते. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला दिसला नाही. अपवाद फक्त एका नमुन्याचा. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज कर्नलच्या संग्रहातल्या त्या नमुन्याच्या पायातली चिठ्ठी सांगत होती: १९१४, मांडवी, सुरतजवळ. हा कर्नल नामांकित पक्षितज्ज्ञ मानला जाई. १९३७ मध्ये सालिम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवरही गेले होते. त्याची चिठ्ठी खोटी असेल अशी शंका कोणाला येणार?

१९९० च्या दशकात ती आली. त्याच्या संग्रहातले अनेक नमुने लंडनच्या संग्रहालयातून चोरून, जुनी चिठ्ठी काढून आणि नवी बांधून सजवलेले असल्याचं उघड झालं. रानपिंगळ्याचा नमुना पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी बारकाईने तपासला. कातडं भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनच्या हातची निघाली. म्हणजे १९१४ ची नोंद खोटी आणि पक्षी खानदेशातला, १८८० च्या दशकातला. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून शोध सुरू झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. दिवसाढवळ्या, पर्णहीन झाडाच्या शेंड्यावर, एकशे तेरा वर्षांनी.

मुंबईचा यात काय संबंध? २०१४ मध्ये हाच रानपिंगळा तानसा अभयारण्यात आढळला. ज्या तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईकर पितात, त्याच्या काठच्या सागाच्या जंगलात. नेहमीचा पिंगळा समजून कितीजणांनी याआधी त्याच्याकडे पाठ फिरवली असेल, याला गणती नाही. ओळखायची खूण तशी सोपी आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी. शेपटीवर रुंद पट्टे, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, पंजे दांडगे. यावेळी मात्र पुरावा म्हणून छायाचित्रं पुरली. पोटावर छेद घ्यावा लागला नाही, पायात चिठ्ठीही बांधावी लागली नाही.

ओळखण्याच्या या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. पक्षी नाव विसरायला लावण्याइतके नाहीसेही होतात. ईहांच्या मुंबईत गिधाड हा नित्याचा पक्षी होता. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाच्या दोखम्यांवर, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या मनोऱ्यांवर, ती थव्याने उतरत. १९९० च्या दशकात भारतभर गिधाडं मरू लागली. माना खाली टाकून झाडांवर बसलेली गिधाडं एकेक करून खाली पडत. कारण २००४ मध्ये हाती आलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली, पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातलं एकही उरलं नव्हतं. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. आज मुंबईतल्या तिशीच्या माणसाला आकाशात मोठा पक्षी घिरट्या घालताना दिसला तर तो घार म्हणतो आणि बहुधा बरोबरच म्हणतो. त्याच्या आजोबांना मात्र मान वर करून आधी बघावं लागे की शेपूट दुभंगलेली आहे की आखूड, गोल. ओळखण्याची ती सवयच आता लागत नाही. शहराने एका पक्ष्याबरोबर एक नजरही घालवली, आणि ही हानी कोणत्याही सूचीत नोंदलेली नाही.

याउलट एक पक्षी शहराने नव्याने ओळखायला घेतला. शिवडीच्या बंदराजवळ, तेलाच्या टाक्या आणि मोडीत निघालेली गलबतं यांच्यामधल्या चिखलावर १९९० च्या दशकात हजारोंनी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येऊ लागले. ठाणे खाडीत आता काही हंगामांत त्यांची संख्या लाखावर जाते. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ.

रोहित बघायला जायचं तर आधी घड्याळाऐवजी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं. पूर्ण ओहोटीला गेलं तर पक्षी क्षितिजावरची गुलाबी रेघ होऊन बसतात. भरतीला गेलं तर चिखलच नसतो. पाणी चढत असताना धक्क्यावर उभं राहिलं की रेघ हळूहळू जवळ येते, तिचे पाय दिसू लागतात, मग वाकलेल्या माना, मग उलट्या चोची चिखलात घालून अर्धवर्तुळात चालणारे एकेक पक्षी. चिखलावर त्यांनी काढलेली ती वर्तुळं पाणी येईपर्यंत टिकतात. बहुतेक असतात धाकटे रोहित, चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटणारी. मध्येच एखादा उंच, फिकट, गुलाबी चोचीला फक्त टोकाशी काळं असलेला दिसला की तो मोठा रोहित. लहान मुलांनाही ही खूण अर्ध्या मिनिटात जमते.

खरी कसोटी त्यांच्या पायाशी असते. तिथे राखाडी-तपकिरी पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, मुठीएवढे शेकडो पक्षी धावत असतात. चिखले, तुतवार, सगळे सारख्याच रंगाचे, कारण विणीचा रंग उत्तरेत ठेवून ते हिवाळ्याच्या साध्या वेशात आलेले. चोच सरळ की किंचित वाकलेली, पाय काळे की पिवळट, धावून थांबतो की सतत टोचत चालतो, यांवर सगळं ठरतं. यांतल्या एका चिखल्याच्या अभ्यासकांनी अलीकडे दोन जाती केल्या, त्यामुळे जुन्या वह्यांतल्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. मुंबईचे पक्षीवाले अशा वेळी ‘रेकॉर्ड शॉट’ घेतात, म्हणजे सुंदर नसला तरी पायाचा रंग दिसेल असा फोटो, आणि रात्री एकमेकांना ‘आयडी’ विचारतात. १९६० च्या आसपास झफर फतेहअली यांनी मुंबईतून पक्षिनिरीक्षकांसाठी चक्रमुद्रित पत्रिका सुरू केली, तेव्हा हाच वाद टपालाने चाले आणि निकालाला महिना लागे. २००५ मध्ये मुंबईत बर्ड रेस सुरू झाली. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत गटागटाने जास्तीत जास्त जाती ओळखायच्या. त्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापासून उरणच्या पाणथळीपर्यंत हिंडणाऱ्यांत बँकेतले, रेल्वेतले, कॉलेजातले, घर सांभाळणारे असे सगळे असतात. कोणाच्याही हातात बंदूक नसते.

पायात काहीतरी बांधणं मात्र पूर्ण थांबलेलं नाही. १९५९ पासून सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. जाळ्यात धरायचं, वजन-माप घ्यायचं, पायात हलकं धातूचं कडं अडकवायचं आणि सोडून द्यायचं. कड्यावर क्रमांक आणि सोसायटीला कळवा अशी सूचना. भरतपूरला घातलेली कडी सायबेरियातून परत कळवली गेली. खणातल्या चिठ्ठीवर पक्षी कुठे संपला ते लिहिलेलं असे. कडं पुढचा प्रवास सांगतं.

२०२२ च्या हिवाळ्यात ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ठावठिकाणा कळवणारी छोटी यंत्रं बसवून सोडलं. प्रत्येकाला नाव दिलं होतं. एकाचं नाव सालिम. एका धाकट्या रोहिताचं नाव हुमायून, ज्यांनी हजारो मेलेल्या पक्ष्यांच्या पायांतल्या चिठ्ठ्या वाचल्या त्यांच्यावरून. पावसाळा आला तसा हुमायूनने खाडी सोडली, किनारा धरून उत्तरेकडे उडाला आणि त्याचं यंत्र गुजरातच्या किनाऱ्यावरून, भावनगरकडून बोलू लागलं.